प्रकल्प नोंदी: युजरनेममधला मोठा ‘व्ही’

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

सकाळी साडेआठलाच दिंडोरीहून द्राक्ष संघाच्या सचिव आण्णांचा फोन. “ताई, तुमची साइट लोकांना आत घेईना. युजरनेम नाहीतर पासवर्ड चुकला म्हणते.” शनिवारपासून अकरा जणांनी त्यांना फोन केलेत. गोडी छाटणी (द्राक्षवेलींची फळासाठीची छाटणी) चालू आहे, ती उरकली की फवारण्या सुरू, आणि लॉगिनला नेमका आत्ताच मुहूर्त सापडला अडायला.

ऑफिसला येऊन सर्व्हरचा लॉग उघडला. लॉगिन फसल्याच्या नोंदी आहेत, पण काय टाइप केलं होतं ते आपण साठवतच नाही. तो निर्णय माझाच, आणि चुकीचा नाही: लोक घाईत युजरनेमच्या जागी पासवर्ड टाकतात आणि तो लॉगमध्ये उघडा पडून राहतो. आज मात्र त्यामुळे हातात काहीच नाही.

लॅपटॉपवरून पाच खाती वापरून पाहिली, पाचही आत. क्रोमच्या डेव्हलपर टूलमध्ये मोबाईलचा आकार लावून पाहिलं, तरी आत. आण्णांना म्हटलं, पासवर्ड विसरले नसतील ना? “एक विसरेल, दोन विसरतील. अकरा?” बरोबर आहे त्यांचं. उद्या जाऊन बघते.

(सहा महिन्यांनी या नोंदी वाचणाऱ्या मला: ही द्राक्ष उत्पादकांच्या छोट्या संघाची फवारणी डायरी. कुठल्या प्लॉटवर, कुठल्या तारखेला, कुठलं औषध, किती प्रमाणात. युरोपात माल जायचा तर औषधांच्या अंशांची तपासणी होते, अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेत बागेची नोंद असावी लागते, आणि फवारणीचा हिशेब मागितला की दाखवावा लागतो. आधी वही होती, आता साइट. साइट जँगो या तयार सांगाड्यावर बांधलेली, डेटाबेस पोस्टग्रेस. युजरनेम म्हणजे गावाचं इंग्रजी नाव, सगळं स्मॉल, आणि त्याला चिकटून सभासद क्रमांक.)

७ ऑक्टोबर, मंगळवार

म्हसरूळ, ढकांबे करत अकराला दिंडोरी. संघाच्या ऑफिसात भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसला, स्केचपेनने लिहिलेला: “युजरनेमचे पहिले अक्षर स्मॉल टाकावे. आधी बाण दाबावा.” म्हणजे आण्णांना रोगही कळला होता आणि औषधही. मला फोनवर एवढंच सांगितलं असतं तर! विचारलं, तर म्हणाले, “मला वाटलं ते तसंच असतं.”

थोड्या वेळाने वणीचे एक काका आले. सरळ बागेतून, छाटलेल्या वेलींच्या डोळ्यांना फुटीसाठी पेस्ट लावायचं काम सोडून, बोटांना रंग तसाच. त्यांना म्हटलं, काका, नेहमीसारखं लॉगिन करा, मी मध्ये बोलणार नाही.

त्यांनी युजरनेमच्या चौकटीवर अंगठा टेकवला. खालून कीबोर्ड वर आला तोच सगळी अक्षरं मोठी घेऊन. काकांनी ‘व्ही’ दाबला. त्याच क्षणी कीबोर्ड खाली बसल्यासारखा सगळा छोटा झाला, आणि पुढचं नाव स्मॉलमध्ये उमटलं. काकांची नजर पूर्ण वेळ बटणांवर. वर चौकटीत काय पडलं ते त्यांनी पाहिलंच नाही, आणि पाहिलं असतं तरी वेगळं काय दिसणार होतं? व्ही तो व्हीच. मग पासवर्ड. तो मात्र एकेक अक्षर ओठांनी म्हणत टाकला. “युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे.” काकांनी युजरनेमला हात न लावता पासवर्ड पुसला आणि पुन्हा तितक्याच निगुतीने टाकला. असं तीनदा. पासवर्ड तिन्ही वेळा बरोबर होता.

मी या नोंदी देवनागरीत लिहिते, आणि गंमत अशी की हा बग देवनागरीत लिहून दाखवताच येत नाही. आपल्याकडे मोठ्या-छोट्या अक्षरांची भानगडच नाही. ‘वणी१४’ लिहिलं तर तो कुठल्या व्हीचा हे सांगायला मला वेगळं वाक्य लागतं. काकांना समजावताना हेच झालं. “अहो, पण अक्षर तेच ना?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण अक्षर तेच आहे.

लॅपटॉपवर हे का दिसलं नाही तेही कळलं. खऱ्या बटणांचा कीबोर्ड आपणहून काही मोठं करत नाही. आणि डेव्हलपर टूल पडदा मोबाईलएवढा करतं, पण त्यावर मोबाईलचा कीबोर्ड येत नाही. काल अर्धा तास मी आरशात पाहून ताप मोजत होते.

८ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसातल्या पोराला सांगितलं, बघ काय करता येतं. त्याने दहा मिनिटांत करून आणलं: सीएसएसमध्ये टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म, लोअरकेस, म्हणजे सगळी अक्षरं छोटी. “ताई, आता मोठं येतच नाही.” फोनवर पाहिलं, खरंच सगळं छोटं दिसतं. लॉगिन केलं, पुन्हा चुकीचा.

त्याला शेजारी बसवून सर्व्हरवर काय पोचतं ते दाखवलं. चौकटीत छोटा व्ही, सर्व्हरवर मोठा. सीएसएस फक्त रंगरंगोटी करतं, आतली किंमत तशीच राहते. हा उपाय मूळ रोगापेक्षा वाईट. आधी निदान नीट पाहणाऱ्याला चूक दिसत तरी होती.

मग खरा उपाय. इनपुटवर, म्हणजे टाइप करायच्या चौकटीवर, ऑटोकॅपिटलाइज नावाचा ॲट्रिब्यूट (चौकटीला कोडमध्ये जोडलेली सूचना), किंमत ‘नन’. ‘ऑफ’ लिहिलं तरी अर्थ तोच. कीबोर्डला ही चौकट साधा मजकूर वाटते, मजकुराची सुरुवात म्हणजे वाक्याची सुरुवात, आणि इंग्रजी वाक्याचं पहिलं अक्षर मोठं. त्याच्या बाजूने तो सेवाच करतो. ‘नन’ म्हणजे त्याला सांगणं की इथे वाक्य नाही. ही सोय आधी आयफोनच्या सफारीत आली, क्रोममध्ये २०१५ साली ४३ व्या आवृत्तीत, आणि आता एचटीएमएलच्या स्टँडर्डमध्येच आहे. ईमेल, यूआरएल आणि पासवर्ड या प्रकारच्या चौकटींना ब्राउझर मुळातच मोठं अक्षर लावत नाही. पोराने लगेच विचारलं, मग युजरनेमचा प्रकार ईमेल करून टाकू? डोकं चाललं त्याचं, पण मग ब्राउझर प्रत्येकाकडे ‘ॲट’चं चिन्ह मागत बसेल.

सोबत स्पेलचेक बंद, ऑटोकरेक्ट बंद (गावांची नावं इंग्रजी शब्दकोशात नसतात, काही फोन ती ‘सुधारतात’), आणि ऑटोकम्प्लीट ‘युजरनेम’, म्हणजे फोनने जपून ठेवलेलं नाव योग्य चौकटीत येईल.

आता लाजेची गोष्ट. जँगोच्या तयार युजरनेम फील्डमध्ये ऑटोकॅपिटलाइज ‘नन’ आधीपासून लावलेलं असतं. फुकटात मिळत होतं. लेबलं मराठीत हवीत, बटण मोठं हवं, म्हणून मार्चमध्ये मीच लॉगिनचं पान हाताने लिहिलं आणि तयार फॉर्म बाजूला ठेवला. तयार फॉर्म मागचा-पुढचा मोकळा स्पेसही छाटतो. तेही गेलं.

संध्याकाळी लाइव्ह टाकलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

चार फोन गोळा केले. माझा अँड्रॉइड, पोराचा, खालच्या मेडिकलवाल्यांचा जुना, आणि बहिणीचा आयफोन. चारही ठिकाणी कीबोर्ड छोट्या अक्षरांनीच वर येतो. आयफोनवर हा फरक फार छान दिसतो, बटणांवरची अक्षरंच बदलतात.

तरी जुन्या फोनवर एकदा फसलं. त्याच्या कीबोर्डने वरच्या पट्टीत नाव सुचवलं, मी ते दाबलं, आणि शब्दामागे एक स्पेस येऊन बसला. स्पेस दिसत नाही, पण सर्व्हरला तो अक्षराइतकाच खरा.

दुपारी वणीचे काका फोनवर. “आता बोलून टाकलं तर चालेल का? हात पेस्टचे आहेत.” मी स्वतः माईक दाबून बोलून पाहिलं. कीबोर्डने ऐकलं ते वेगळा शब्द, मध्ये स्पेस, मग आकडा. आणि शब्दाचं पहिलं अक्षर मोठं! नियमाने हा ॲट्रिब्यूट बोलून टाकलेल्या मजकुरालाही लागू आहे, पण शेवटी ती विनंती असते. कीबोर्डने ऐकली तर ऐकली.

म्हणजे पानावर कितीही लावा, मोठा व्ही कुठून ना कुठून येणारच. सर्व्हरनेच तो गिळायला शिकलं पाहिजे. सोमवारी.

११ ऑक्टोबर, शनिवार

सुट्टीच, पण एक आठवलं. पासवर्डच्या चौकटीत आपण डोळा ठेवलाय, दाबला की पासवर्ड दिसतो. तो दिसतो कसा? चौकटीचा प्रकार पासवर्डवरून टेक्स्ट होतो. आणि टेक्स्ट झाला की पासवर्डची सूट संपली! डोळा आधी उघडून मग टाइप करणाऱ्याचं पहिलं अक्षर मोठं होणार. फोनवर करून पाहिलं, झालं. पासवर्डलाही ऑटोकॅपिटलाइज ‘नन’ आणि स्पेलचेक बंद लावलं. जे लोक काळजीने डोळा उघडून टाकतात त्यांनाच हा फटका बसत होता.

पोराचा मेसेज: सर्व्हरवर पासवर्डही लोअर करून टाकू का? नाही. युजरनेम म्हणजे पत्ता, पासवर्ड म्हणजे किल्ली, आणि किल्लीचे दात घासायचे नाहीत. फेसबुक मूळ पासवर्डसोबत पहिलं अक्षर मोठं केलेला आणि कॅप्स लॉकमुळे पूर्ण उलटा झालेला पासवर्डही चालवून घेतं, हे २०११ साली बाहेर आलं होतं. तेही सगळं लोअर करत नाहीत, ठरावीक दोन बदल तेवढे माफ. आपल्याला त्याचीही गरज नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

लॉगिनला आलेलं युजरनेम आधी सगळे स्पेस काढून, मग लोअर करून शोधायचं, एवढा बदल. पोस्टग्रेस मोठं-छोटं वेगळं धरतो. मागच्या प्रोजेक्टला मायएसक्यूएल होतं, तिथलं कोलेशन (अक्षरं ताडून पाहायचा नियम) दोन्ही एकच मानणारं, म्हणून हा त्रास कधी जाणवलाच नाही. नशिबाला मी कौशल्य समजत होते.

लोअर केलेल्या युजरनेमवर युनिक इंडेक्स (एकच नाव दोनदा येऊ न देणारा नियम) टाकायला गेले, पोस्टग्रेसने नकार दिला. डुप्लिकेट आहेत.

यादी काढली. तीन जोड्या. प्रत्येकी एक नाव छोट्या अक्षराचं, एक मोठ्या. त्यात वणी१४. आपले काका.

तारखा लावल्या तशी गोष्ट उलगडली. बहुतेकांची खाती आण्णांनी ऑगस्टमध्ये ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडली, म्हणून ती छोट्या अक्षरांची. काकांना फोनवरून आत जाता येईना. त्यांना वाटलं आपलं खातं उघडलंच नसेल, म्हणून त्यांनी नोंदणीच्या पानावरून स्वतः उघडलं. ते पानही मी हाताने लिहिलेलं, तिथेही फोनने व्ही मोठा केला, आणि सर्व्हरने ‘हे नाव आधीच आहे’ न म्हणता नवा सभासद म्हणून स्वागत केलं. जँगोच्या तयार नोंदणी फॉर्मने हे अडवलं असतं. २०२३ च्या ४.२ आवृत्तीपासून तो नुसत्या मोठ्या-छोट्याचा फरक असलेलं दुसरं नाव घेत नाही. ते पुन्हा मीच बाजूला ठेवलेलं.

मग बुधवारी मी ऑटोकॅपिटलाइज बंद केलं, आणि फोनवरून मोठ्या व्हीच्या खात्यात नोंदी टाकलेले काका छोट्या व्हीच्या खात्यात जाऊ लागले. दोन्हीकडे पासवर्ड वेगळे: मंगळवारी माझ्यासमोर त्यांनी ऑफिसच्या खात्याचा टाकला म्हणून मोठ्या व्हीने अडलं, आता छोट्या व्हीशी तोच जुळला आणि कुठे अडलंही नाही. माझ्या दुरुस्तीने त्यांच्या नोंदी गायब केल्या. त्यांनी तक्रार केली नाही ती केवळ छाटणीच्या गडबडीमुळे.

सर्व्हरचा बदल रोखून धरला. आधी खाती जोडायची.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दिंडोरी. जोड्यांपैकी दोन सोप्या निघाल्या, दुसरं खातं रिकामंच होतं. काकांचं मात्र दोन्हीकडे भरलेलं.

आण्णांनी त्यांची जुनी वही काढून ठेवली होती. काका, आण्णा, मी आणि मध्ये लॅपटॉप. काका वहीतून वाचत, मी दोन्ही खात्यांत शोधत. बोर्डो (बुरशीनाशक मिश्रण), तारीख, प्लॉट एक. “हे ऑफिसच्या खात्यात.” पुढची फवारणी, प्लॉट दोन. “हे फोनच्या.” एक फवारणी दोन्हीकडे सापडली, एकाच दिवसाची, प्रमाण वेगळं. काकांनी आधी फोनवर टाकली, आठवड्याने ऑफिसात दिसली नाही म्हणून आण्णांनी अंदाजाने टाकली. कागदावर एकाच औषधाचा मारा दोनदा दिसला असता. काढणीआधी किती दिवस औषध बंद होतं हा हिशेब जिथे दिवसांत मोजतात, तिथे ही चूक साधी नाही.

मशीनवर सोडायचं नाही हे तिथेच ठरलं. मर्ज करणारा प्रोग्रॅम मी रात्री लिहून ठेवला होता, तो तसाच राहू दिला. वहीशी ताडून एकेक नोंद हाताने हलवली. दीड तास गेला. चहा दोनदा झाला.

काका शेवटी म्हणाले, “म्हणजे एका अक्षराने माझे दोन सभासद केले.” आण्णा म्हणाले, “मग वर्गणीही दोन द्या.”

१६ ऑक्टोबर, गुरुवार

युनिक इंडेक्स बसला. सर्व्हरचा बदल लाइव्ह. लॉगिनचं पान पुन्हा जँगोच्या फील्डवर नेलं, मराठी लेबलांसकट. लेबल तिथेही बदलता येतं, हे मार्चमध्ये शोधायचा मला कंटाळा आला होता.

हात लागलाच होता म्हणून बाकीच्या चौकटीही पाहिल्या. या ॲट्रिब्यूटच्या उरलेल्या किमती कामाच्या निघाल्या. पूर्ण नावाला ‘वर्ड्स’, म्हणजे प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. गाडी क्रमांकाला ‘कॅरेक्टर्स’, म्हणजे सगळंच मोठं, एमएच १५ पासून पुढे. एक चौकट कीबोर्डला गप्प बसवते आणि दुसरी त्यालाच राबवून घेते. शेऱ्याच्या चौकटीला काही लावलं नाही, तिथे लोक मराठीतच लिहितात.

एरर मेसेज बदलला. “युजरनेम किंवा पासवर्ड जुळत नाही. दोन्ही पुन्हा पाहा.” नेमकं कुठलं चुकलं ते सांगायचं नाही, नाहीतर परक्याला कुठली नावं खरी ते कळतं. पण ‘दोन्ही’ हा शब्द हवा होता. काकांनी तीनदा फक्त पासवर्ड पुसला, ते डोक्यातून जात नाही.

उद्या वसुबारस. दिवाळीभर हात लावणार नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीनंतर एकच तक्रार, मोहाडीच्या एका दादांची. फोनवरून जातं, ऑफिसातून नाही. मला वाटलं पुन्हा तेच. नाही! युजरनेमचं नाव छोट्या अक्षरांतच आहे, पण मागचा क्रमांक देवनागरी आकड्यांत. त्यांनी नाव इंग्रजी कीबोर्डवर टाकलं, आकड्यांना मराठी कीबोर्डवर गेले. पायथॉनच्या (जँगो ज्या भाषेत लिहिलाय ती) दृष्टीने देवनागरी ‘७’ हाही आकडाच, त्यामुळे तपासणीने हरकत घेतली नाही. जँगो मजकुराचं एनएफकेसी नॉर्मलायझेशन करतो, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करतो, पण त्यात देवनागरी आकडे इंग्रजी होत नाहीत. दहा आकड्यांचा तक्ता हाताने लिहून तोही लोअरच्या शेजारी बसवला.

त्याच तपासणीचा दुसरा नमुना: आकडे चालतात, अक्षरं चालतात, पण काना-वेलांटी चालत नाही, कारण ती पायथॉनला ‘अक्षर’ वाटत नाही. म्हणजे ‘वड’ हे युजरनेम चालेल, ‘वणी’ नाही. मराठीत युजरनेम द्यायची वेळ आली की हे काढावं लागेल. आत्ता नाही.

पोराला एक जुनी गोष्ट सांगितली. टेलिटाइप मॉडेल ३३ सारख्या टर्मिनलला, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टंकयंत्राला, छोटी अक्षरंच नव्हती. म्हणून युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर लॉगिनचं नाव सगळं कॅपिटलमध्ये आलं की मशीन समजून जायचं, समोर तसलं यंत्र आहे, आणि आपणहून जुळवून घ्यायचं. तो म्हणाला, “मग आपण का नाही घेतलं?” घेतलं की. सात महिने उशिरा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पीक विम्याच्या दुसऱ्या कामासाठी दिंडोरीला गेले होते, संघात डोकावले. काका पोंगा अवस्थेतली (कोंब फुटतानाची) फवारणी टाकत होते, फोनवर, बोलून. मोठा व्ही आला, मध्ये स्पेस आला, आणि साइट उघडली. त्यांनी वर पाहिलंही नाही.

भिंतीवरचा कागद तसाच. आण्णांना म्हटलं, आता काढा तो, लागत नाही. ते म्हणाले, काढणार होतो, पण मागच्या बाजूला पेस्टवाल्या मजुरांच्या टोळीचा नंबर लिहिलाय.